पॅनेल आहे, मूडल आहे, पण प्राध्यापक वापरत नाहीत: काय करावं?

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे ना, की तालुक्याच्या गावातलं अनुदानित कला-वाणिज्य-विज्ञान कॉलेज, तुमच्याकडे आयक्यूएसी (कॉलेजचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष) आहे, दोन वर्गांत इंटरॅक्टिव्ह पॅनेल (फळ्यासारखे मोठे टचस्क्रीन) बसवली, मूडल (नोट्स, असाइनमेंट, क्विझ ऑनलाइन ठेवायची प्रणाली) सुरू केलं, सगळ्यांना कॉलेजचे ईमेल दिले, दोन दिवसांचं ट्रेनिंगही झालं, आणि तरी पाच-सात तरुण मंडळी सोडली तर कोणी हात लावत नाही. प्राचार्य म्हणतात सिनियर लोकांची मानसिकताच नाही. मग ही तयारी आहे की नाही हे मोजायचं कसं आणि नसेल तर करून घ्यायची कशी.

मी अर्थशास्त्र शिकवतो आणि बरीच वर्षं प्राध्यापकांची अशी ट्रेनिंग घेत फिरतोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, एका बैठकीत वाचलं नाही तरी चालेल.

आधी ते 'मानसिकता' प्रकरण बाजूला ठेवू. तुमच्या स्टाफरूममधले जे सर पॅनेलला हात लावत नाहीत ते फोनपेनं पैसे देतात, इन्कम टॅक्सचं रिटर्न पोर्टलवर भरतात किंवा निदान भरून घेताना शेजारी बसून चुका काढतात, इंटर्नलचे मार्क विद्यापीठाच्या पोर्टलवर टाकतात, पुण्यातल्या नातवाशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलतात. म्हणजे तंत्रज्ञानाची भीती वगैरे काही नाही. त्यांना नको असतं ते एवढंच, की ऐंशी पोरांसमोर उभं राहून एचडीएमआयची पिन उलटसुलट लावत बसायचं आणि मागच्या बाकावरून हसू ऐकायचं. तीस वर्षं ज्या माणसाचा वर्गावर दरारा आहे त्यानं तो दरारा एका केबलपायी का घालवावा? मी त्यांच्या जागी असतो तर मीपण खडूच उचलला असता. तेव्हा 'तयार आहेत का' असं विचारूच नका, 'कशासाठी तयार आहेत' असं विचारा, आणि ते प्रत्येक माणसाला, त्याच्या पेपरपुरतं, वेगळं विचारा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पुढचं सगळं त्याचाच विस्तार आहे.

एक जुनं उदाहरण घ्या. २०१७ साली मुंबई विद्यापीठानं ऐन परीक्षांच्या हंगामात उत्तरपत्रिका ऑनस्क्रीन, म्हणजे स्कॅन करून कॉम्प्युटरवर, तपासायचं ठरवलं. निकाल महिनोन्‌महिने रखडले, पोरांचे पुढचे प्रवेश अडकले, शेवटी कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. तेव्हा कितीतरी लोकांनी सरळ प्राध्यापकांवर ढकललं, यांना माऊस धरता येत नाही वगैरे. पण गंमत बघा, ऑनस्क्रीन तपासणी तिथे आजही चालू आहे आणि बहुतेक तेच प्राध्यापक आता निवांत बसून तपासतात, उलट गठ्ठे उचलायला नकोत, बेरीज करायला नको म्हणून खूश आहेत. मग मधल्या काळात काय माणसं बदलली का? माणसं तीच, फक्त सेंटरवरची मशीन चालायला लागली, सवयीला वेळ मिळाला आणि बेरजेचा त्रास वाचतोय हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. हे तिन्ही झाल्यावर तयारी आपोआप आली.

पुस्तकी आधार हवा असेल (पीएचडी करणारे विचारतीलच) तर फ्रेड डेव्हिस नावाच्या माणसानं १९८९ मधे तंत्रज्ञान-स्वीकाराचं जे मॉडेल मांडलं त्यात दोनच मुख्य गोष्टी आहेत, हे मला उपयोगी पडेल असं वाटणं आणि हे मला जमेल असं वाटणं. आपली सगळी ट्रेनिंग दुसऱ्या गोष्टीवर असतात, हे बटण दाबा, इथे क्लिक करा, आता असाइनमेंट तयार झाली, टाळ्या. पहिल्यावर कोणी बोलतच नाही. डेव्हिसच्या निष्कर्षात मात्र उपयोगाचं वजन सोपेपणापेक्षा जास्त निघालं होतं, म्हणजे उपयोग पटला तर माणूस अवघड गोष्टसुद्धा शिकतो, आणि उपयोगच दिसत नसेल तर कितीही सोपं करून द्या, तो हो हो म्हणून सही करतो आणि निघून जातो. दुसरं २००६ मधलं पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांचं टीपॅक. त्याचा गाभा असा, की विषयाचं ज्ञान, शिकवण्याची हातोटी आणि तंत्रज्ञान या तीन वेगवेगळ्या गोष्टी तीन वेगवेगळ्या दिवशी शिकवून उपयोग नाही, त्या एकत्र कुठे येतात तिथे बघायचं. केमिस्ट्रीच्या मॅडमना आणि मराठीच्या सरांना एकाच हॉलमधे बसवून गुगल क्लासरूम शिकवणं म्हणूनच वाया जातं. दोघांचं दुखणं वेगळं आहे ना.

आता दुखणं म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी गंमत इथेच आहे.

एका कॉलेजात अकाउंट्सचे एक सर होते, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली, ट्रेनिंगमधे हाताची घडी घालून शेवटच्या रांगेत. पीपीटीत अकाउंट्स शिकवता येत नाही असं त्यांचं म्हणणं, आणि ते शंभर टक्के खरं आहे. आधीच सोडवून ठेवलेलं गणित स्लाइडवर दाखवलं की पोरांना उत्तर दिसतं पण आकडा कुठून आला हे दिसत नाही. मग मी त्यांना विचारलं, सर तुमच्या वर्गात सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो? ते म्हणाले पीसमील डिस्ट्रिब्युशन, म्हणजे भागीदारी मोडताना जसजसे पैसे येतील तसतसे वाटायचे ते गणित. त्याच्या स्टेटमेंटला कॉलमच इतके लागतात, धनको, पार्टनरचं लोन, मग अ ब क ची भांडवलं, की फळा भरतो, वर्किंग नोटला जागाच उरत नाही, पुसावं तर मागची पोरं ओरडतात सर थांबा लिहून झालं नाही, आणि पुसलं की सरप्लस कॅपिटल कुठून आलं हे कोणालाच आठवत नाही. मग काय केलं, तर एक वाकणारा मोबाइल स्टँड टेबलाला लावला, त्यात मोबाइल कॅमेरा खाली करून अडकवला, ड्रॉइडकॅमसारख्या ॲपनं तो लॅपटॉपला वेबकॅम म्हणून जोडला आणि चित्र प्रोजेक्टरवर. सर खुर्चीत बसून लेजरच्या कागदावर नेहमीसारखं पेननं लिहितायत, वर्गाला सहा फुटी कागद दिसतोय. वर्किंग नोट दुसऱ्या कागदावर, तो शेजारी सरकवायचा. पुसायचं कामच नाही. तास संपला की कागदांचे फोटो काढून पीडीएफ ग्रुपवर. स्लाइड नाही, ॲनिमेशन नाही, पाठ फिरवून लिहायला लागत नसल्यामुळे पोरांचे चेहरे दिसतात हा वरचा फायदा. सर पहिल्यांदा खडू न घेता वर्गात गेले ते कोणी सांगितलं म्हणून नाही, तर पीसमीलचा वैताग गेला म्हणून. नंतर त्यांनीच कॉस्टिंगच्या मॅडमना स्टँड लावून दिला, मला बोलवायची गरज पडली नाही.

याला आयसीटी (माहिती-संवाद तंत्रज्ञान) म्हणायचं का? नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फॉर्ममधे कुठल्या रकान्यात बसेल मला माहीत नाही, पण वर्गात बसलं.

माझ्या स्वतःच्या विषयातलं सांगायचं तर एफवायला मागणीचा नियम शिकवताना दरवर्षी एकच घोळ होतो. किंमत बदलली म्हणून मागणी बदलली तर तो विस्तार किंवा संकोच, बाकी कशामुळे बदलली तर वृद्धी किंवा ऱ्हास, पहिल्यात आपण त्याच वक्रावर वरखाली सरकतो, दुसऱ्यात अख्खा वक्र सरकतो. शिकवलं की सगळे माना डोलावतात. समजलं का, हो सर. मग तासाच्या शेवटी एक प्रश्न गुगल फॉर्मवर, कांद्याचा भाव वाढला आणि लोकांनी कांदा कमी घेतला, हे काय? उत्तर 'संकोच', पण निम्म्याहून जास्त पोरं 'ऱ्हास' टिक करतात. मान डोलावणं आणि समजणं यातला फरक मला फळ्यावरून कधीच दिसला नसता, फॉर्मच्या त्या रंगीत चकतीत लगेच दिसतो, आणि पुढच्या तासाला कुठून सुरू करायचं ते ठरतं. एकच प्रश्न बरं का, वीस नाही. प्रश्नाला मार्क नाहीत, नाव लिहायचं नाही. मार्क ठेवले की पोरं शेजारच्याचं बघून टिक करतात आणि मग तो फॉर्म तुम्हाला खोटं सांगतो.

आता कला शाखेकडे या. तुम्ही लिहिलंय की मराठी-इतिहासवाले सगळ्यात मागे आहेत. मी खात्रीनं सांगतो त्यांना कोणीतरी एकदा विचारा की सर तुमच्या नोट्स कुठल्या फॉन्टमधे आहेत. वर्षानुवर्षांच्या नोट्स, प्रश्नसंच, पेपर, सगळं श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमधे, गावातल्या डीटीपीवाल्याकडून करून घेतलेलं. ते उचलून गुगल फॉर्ममधे किंवा मूडलवर पेस्ट केलं की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा. सरांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, ट्रेनिंग घेणारा आयटीचा मुलगा म्हणतो सर तुमची फाईल करप्ट आहे, आणि विषय तिथेच संपतो. इंग्रजी माध्यमाच्या ट्रेनिंगवाल्यांना हा प्रश्न अस्तित्वात आहे हेच माहीत नसतं. अशांना क्लासरूम वगैरे नंतर, आधी एक दुपार फक्त युनिकोडची (कुठेही पेस्ट केलं तरी न बिघडणाऱ्या मराठी टायपिंगची) द्या. जुन्या फाइल कन्व्हर्टरमधून काढून घ्यायच्या (जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, एकदा नजर टाकावी लागते) आणि नवीन लिहायचं ते गुगल डॉक्सच्या व्हॉइस टायपिंगनं मराठीत बोलून. मी एका ज्येष्ठ मराठीच्या मॅडमना हे दाखवलं तेव्हा त्या बोलत गेल्या आणि स्क्रीनवर वाक्यं उमटत गेली, विरामचिन्हं सोडली तर बहुतेक बरोबर, आणि त्यांनी तिथल्या तिथे पुढच्या आठवड्याचा प्रश्नसंच सांगून टाकला. त्यांची 'मानसिकता' त्या दुपारी बदलली असं म्हणायचं का? काही बदललं नाही हो, फक्त टायपिंगचा अडथळा गेला.

सायन्सवाल्यांचं काम त्यामानानं सोपं आहे, त्यांच्यासाठी फेट सिम्युलेशन (पडद्यावर करायचे प्रयोग) आहेत, व्हर्च्युअल लॅब आहेत, गणिताच्या आलेख-आकृत्यांसाठी जिओजेब्रा आहे, सगळं फुकट, फेटचे बरेच प्रयोग मराठीतही मिळतात. फक्त व्हर्च्युअल लॅब आली म्हणून खरी लॅब बंद करायचा मोह संस्थाचालकांना होऊ देऊ नका.

दुसरा मुद्दा वेळेचा. आपला तास ४८ मिनिटांचा. आयसीटी रूमची किल्ली ऑफिसात, रजिस्टरला सही, शिपाई दुसऱ्या बिल्डिंगमधे, तो येऊन उघडणार, पॅनेल सुरू व्हायला वेळ, मग अपडेट मागणार, वायफायचा पासवर्ड बदललेला. यात दहा-बारा मिनिटं सहज जातात आणि पोरं तोवर एका वर्गातून दुसऱ्या वर्गात चालत येतायत. कोण करेल हे दर तासाला? सोन्यासारखं पॅनेल लग्नातल्या डिनर सेटसारखं होऊन बसतं, पाहुणे आले, म्हणजे नॅकची पाहणी करणारी पीअर टीम आली, की बाहेर. तुम्ही तयारी मोजायला निघालाय ना, मग आधी हे मोजा, की प्राध्यापक वर्गात शिरल्यापासून पडद्यावर पहिलं चित्र यायला किती वेळ लागतो. दोन मिनिटांच्या वर लागत असेल तर प्राध्यापकांना काही विचारायचा आपल्याला हक्कच नाही. किल्ली वर्गाशेजारी ठेवा, केबल टेबलाला बांधून टाका, मोबाइलची सी-टाइप पिन आणि जुनी व्हीजीए दोन्ही ठेवा, आणि एक माणूस ठरवा ज्याचा नंबर भिंतीवर असेल आणि जो फोन केला की खरंच येईल. हा खर्च पॅनेलच्या किमतीपुढे काहीच नाही पण कोणत्याही प्रस्तावात नसतो, कारण याचं उद्घाटन होत नाही.

तिसरा मुद्दा कामाच्या हिशोबाचा, हा जरा नाजूक आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास आणि असोसिएट प्रोफेसर आणि प्रोफेसरला १४ तास प्रत्यक्ष अध्यापन धरलंय. त्यात ऑनलाइन असाइनमेंट तपासणं, फॉर्म बनवणं, रात्री मुलांच्या शंकांना उत्तर देणं कुठे बसतं ते तुम्हीच सांगा. त्याच नियमात ई-कंटेंट चार क्वाड्रंटमधे (व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा, चाचणी) केलं, मूक (सगळ्यांना खुला ऑनलाइन कोर्स) बनवला तर गुण मिळतात, चांगलंच आहे, पण म्हणून काय होतं, तर सीएएसच्या (बढतीच्या) फाइलला लागेल म्हणून एखादं प्रकरण शूट करून यूट्यूबवर टाकलं जातं, ते पाहणारे स्वतः सर आणि त्यांचे घरचे, आणि रोज एक प्रश्न विचारून त्यावर दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्याला मात्र शून्य. आपण जे मोजतो तेच लोक करतात, यात लोकांचा दोष नाही.

आणि सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे. खरं बोलायचं तर तुमच्या त्या पाच-सात उत्साही तरुणांमधे निम्मे तासिका तत्त्वावरचे असणार. मूडल त्यांनीच बसवलं, व्हिडिओ त्यांनीच एडिट केले, नॅकच्या लिंका त्यांनीच जोडल्या. त्यांना पैसे मिळतात फक्त घेतलेल्या तासांचे, तेही उशिरा, पुढच्या जूनमधे ते असतील की नाही माहीत नाही. एखाद्या कॉलेजात मूडलचा ॲडमिन असलेला सीएचबीचा मुलगा दुसरीकडे लागला आणि पासवर्ड कोणाकडेच नाही, हा प्रकार मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलाय. तेव्हा ॲडमिनचं खातं कॉलेजच्या नावाचं हवं, किमान दोघांकडे हवं त्यातला एक कायम नोकरीतला, आणि त्या मुलाला त्या कामाचे काहीतरी मानधन द्या, प्राचार्यांशी भांडून द्या. 'तंत्रस्नेही प्राध्यापक' म्हणून पंधरा ऑगस्टला गुलाबपुष्प देऊन भागत नाही.

मूडल की क्लासरूम असंही तुम्ही विचारलंय. मूडल उत्तम आहे, २००२ पासून जगभर चालतंय, क्विझ बँक त्याच्यासारखी कोणाची नाही, पण त्याला सांभाळणारा लागतो, सर्व्हर, अपडेट, बॅकअप. असा माणूस नसेल तर सध्या गुगल क्लासरूमवर राहा, कॉलेजचे ईमेल आहेतच. दोन्ही एकदम चालवू नका, पोरांना कळत नाही कुठे बघायचं आणि मग ती दोन्हीकडे बघत नाहीत, व्हॉट्सॲपवर विचारतात.

व्हॉट्सॲपवरून आठवलं. तुमच्याकडच्या महिला प्राध्यापकांनी क्लासचा ग्रुप करायला नकार दिला असेल तर त्याला नकारात्मकता म्हणू नका प्लीज. ग्रुप केला की खाजगी नंबर दीडशे मुलांकडे जातो, रात्री अकराला 'हाय मॅम' येतं, डीपीचे स्क्रीनशॉट फिरतात. नंबर न दाखवता काम होतं अशा सोयी आहेत, क्लासरूममधे फक्त कॉलेजचा ईमेल दिसतो, व्हॉट्सॲप चॅनेलवर ॲडमिनचा नंबर दिसत नाही. रेकॉर्डिंगचंही तसंच. राज्यशास्त्र, इतिहास शिकवणाऱ्याला भीती असते की दीड तासाच्या चर्चेतलं वीस सेकंदांचं वाक्य कापून गावभर फिरेल, आणि ही भीती खोटी आहे असं आजच्या दिवसांत मी तरी म्हणणार नाही. लेक्चर रेकॉर्ड करायची सक्ती काढून टाका. सक्ती काढली की निम्मा विरोध तिथेच मावळतो, आणि शिकवण्याचं काहीही नुकसान होत नाही, कारण तासाभराचं रेकॉर्डिंग तसंही कोणी बघत नाही. दहा मिनिटांचं एका अवघड मुद्द्यावरचं बघतात, तेही परीक्षेच्या आदल्या रात्री.

लॉकडाउनचा अनुभवही मधे येतो. मार्च २०२० नंतर आपण जे केलं ते ऑनलाइन शिक्षण नव्हतं, ती आणीबाणी होती. काळ्या चौकोनांसमोर बोलायचं, 'सर आवाज येत नाहीये', झूम चाळीस मिनिटांनी बंद, शेवटी एमसीक्यूची परीक्षा आणि आयुष्यात कधी पास न झालेल्यांना नव्वद टक्के. शिवाय त्या काळातलं ते ई-सर्टिफिकेटचं पीक, कुठल्याही जयंतीला दहा प्रश्नांची प्रश्नमंजूषा आणि चाळीस टक्क्यांना प्रमाणपत्र. ज्यांनी हे सोसलं त्यांच्या मनात 'ऑनलाइन म्हणजे फसवाफसवी' असं पक्कं बसलंय, आणि ते त्यांनी जे पाहिलं त्यावरूनच बसलंय. त्यानंतर मे २०२१ मधे यूजीसीनं ४० टक्क्यांपर्यंत ऑनलाइन अशा ब्लेंडेड मोडचं टिपण काढलं तेव्हा पुष्कळांना पहिली शंका आली की आता आमचा वर्कलोड ४० टक्क्यांनी कमी करणार, पदं भरायची टाळणार. तुमच्या सिनियर लोकांशी चहाच्या टपरीवर बोला, हीच शंका ऐकू येईल. ट्रेनिंगमधे ती कोणी बोलून दाखवत नाही. प्राचार्यांनी मीटिंगमधे एकदा स्वच्छ सांगावं की यातल्या कशानंही तुमचे तास कमी होणार नाहीत, आणि ते मिनिट्समधे लिहून घ्या.

मुलांच्या बाजूचं थोडं. फोन सगळ्यांकडे आहे असं आपण धरतो. घरात एक फोन, तो भावाकडे, अशी मुलगी प्रत्येक वर्गात असते. म्हणून घरी करायचं ऑनलाइन काम लहान ठेवा, पीडीएफ दोन एमबीच्या आत, व्हिडिओ पाहणं सक्तीचं करायचं असेल तर तो लायब्ररीतल्या एखाद्या मशीनवर उतरवून ठेवा. आणि फॉर्मचा प्रश्न वर्गात दोघा-तिघांत एक फोन असा घ्या, उलट त्यात पोरं आपसात वाद घालतात तो फायदाच.

एआयचं विचारलंय त्यावर एवढंच, घरून लिहून आणायच्या असाइनमेंटचे दिवस संपले. प्राध्यापकांना एआय 'शिकवण्याआधी' तुमच्या परीक्षा समितीत बसा आणि इंटर्नलमधे तोंडी किती घ्यायचं ते ठरवा.

तर आता प्रत्यक्ष काय करायचं. पुढच्या सेमिस्टरला कॉमन ट्रेनिंग ठेवूच नका. प्रत्येक विभागात जा, खुर्ची ओढून बसा, आणि तुमच्या पेपरमधे दरवर्षी पोरं कुठे अडकतात एवढंच विचारा. त्यातलं एक दुखणं निवडा ज्याला साधन खरंच लागू पडतं, काहींना काहीच लागू पडणार नाही, ठीक आहे, पुढे चला. ज्यानं विरोध केला त्याच्याकडे आधी जा, कारण त्याच्याकडे कारण असतं आणि कारणावर काम करता येतं. हो हो म्हणणाऱ्यावर काहीच करता येत नाही, तो स्लाइड वाचून दाखवतो आणि फीडबॅकमधे आयसीटी वापरतो असं लिहितो. शिकवायला बाहेरचा माणूस आणण्यापेक्षा त्याच विभागातला, त्यातल्या त्यात समवयस्क आणा. तरुण पोरानं शिकवलेलं सिनियर सर ऐकतात, पण अडलं तर परत विचारायला जात नाहीत, आणि समवयस्काला मात्र शिव्या घालत विचारतात. पहिला प्रयोग रिकाम्या वर्गात, मग एका छोट्या बॅचवर, मग मोठ्या वर्गात. इतिवृत्त, फोटो, जिओटॅग वगैरे या सगळ्यात अजिबात आणू नका, नाहीतर फोटोपुरतंच होईल.

आणि मोजायचं कसं. तो तयारीचा गुगल फॉर्म पाठवू नका, पाच पर्यायांचा, 'पूर्णतः सहमत' वाला. एक तर ज्यांना वापरायचं नाही ते तो फॉर्मच भरणार नाहीत, आणि भरणारे सगळीकडे 'सहमत' ठोकून देतील कारण तो आयक्यूएसीकडून आलाय. मूडलचे लॉगिनही मोजू नका, लॉगिन लोक मार्चमधे एका दिवसात करून टाकतात. मी फक्त दोन गोष्टी बघतो. एक, पोरांना जिन्यात थांबवून विचारतो की गेल्या आठवड्यात कोणत्या सरांनी काय वापरलं आणि त्यानं काय कळलं, पोरं खोटं बोलत नाहीत आणि नावासकट सांगतात. दोन, ज्यानं पहिल्या सेमिस्टरला काही वापरलं त्यानं दुसऱ्या सेमिस्टरला कोणी न सांगता, कोणी न विचारता परत वापरलं का. असे किती निघाले ते मोजा. पहिल्या वर्षी आकडा लहानच येईल, एसएसआरमधे (नॅकला द्यायच्या स्वयंमूल्यमापन अहवालात) लिहावा असा तर अजिबात नाही, पण पुढच्या वर्षीचं बजेट मागायला प्राचार्यांकडे जाल तेव्हा तोच घेऊन जा, आणि सोबत मोबाइल स्टँडचं कोटेशन.